भोंग्यातली उज्ज्वला

१

हौशीराम सकाळी ओढ्यात सापडला. अंगावर दव, ओठ काळेनिळे आणि उजवा पाय भलतीकडेच वळलेला. म्हातारा रात्रभर तिथं पडून हाका मारत होता. हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत असं करपटवाडीतलं कुणी सांगेल तर ते धादांत खोटं. ओढ्याकाठच्या घरांना त्या ऐकू गेल्या होत्या, आणि घरातल्या माणसांनी कानावर गोधड्या ओढून घेतल्या होत्या. कारण आदल्या दिवशी, मंगळवारी दिवेलागणीला गावच्या चारही भोंग्यांनी बजावून सांगितलं होतं, की बिबट्या आलाय, दाराबाहेर पाऊल टाकू नका.

हौशीरामला जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. वनखात्याची माणसं आली, मळे-ओढे पालथे घातले आणि दुपारी म्हणाली, "एक ठसा सापडत नाही. कुणी पाहिला बिबट्या?"

कुणीच पाहिला नव्हता. सगळ्यांनी तो फक्त ऐकला होता.

करपटवाडी म्हणजे मढपासून आत, डोंगराच्या अंगाला वसलेलं भाता-नाचणीचं गाव. बिबट्याची भीती वाढली तेव्हा सरकारनं गावाला एक सूचना यंत्र दिलं. सुमतीबाईंच्या किराणा दुकानाच्या पडवीत लोखंडी पेटी, पेटीत फोन. फोन उचलून बोललं की आवाज चारही भोंग्यांतून गावभर जायचा आणि बोललेलं सगळं यंत्रात साठून राहायचं. नियम कडक होता: बोलायचं ते फक्त पोलीस पाटलांनी. पेटीला कुलूपही होतं, फक्त किल्ली हरवू नये म्हणून शेजारच्याच खिळ्याला टांगलेली असायची. कुलूप सरकारी आणि किल्ली गावाची, असं लोक हसून म्हणत.

आता कुणी हसत नव्हतं. ठाण्याचे साहेब पडवीत खुर्ची टाकून बसले होते आणि समोर अर्धं गाव उभं होतं. साहेबांनी यंत्राचं बटण दाबलं.

"सावधान. मी पोलीस पाटील उज्ज्वला बोलतेय. विहिरीवरच्या मळ्यात बिबट्या दिसलाय. पोरंबाळं आत घ्या, दारं लावून घ्या, सकाळपर्यंत कुणी बाहेर पडू नका. बाहेरून येणाऱ्या गाड्या वेशीवरूनच परत फिरवा."

उज्ज्वला पुढंच उभी होती. तोच जरा घोगरा सूर, तीच वाक्य संपवायची घाई. आरशात आपलंच तोंड आपल्याशी बोलायला लागावं तसं तिला झालं.

"साहेब, हे मी बोललेले नाही," ती म्हणाली.

"आवाज कुणाचा आहे?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "माझाच आहे," ती म्हणाली.

२

उज्ज्वला करपटवाडीची सून. नवरा सावळेराम दुधाचा टेम्पो चालवायचा. पोलीस पाटीलकीची परीक्षा देऊन ती पास झाली, तेव्हा गावातल्या बाप्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. पहिल्याच बैठकीत तिनं नवऱ्याचं नाव खणखणीत घेतलं आणि सासूनं कपाळाला हात लावला. "सरकारी कामात 'आमचे हे' चालत नाही, आत्याबाई," असं म्हणून तिनं विषय संपवला होता. त्यानंतर हळूहळू गाव तिचं ऐकायला लागलं. भोंग्यातून उज्ज्वला बोलली की चुलीवरचं कालवण सोडून बायका अंगणात येत. तोच विश्वास आता तिच्या गळ्यातला फास झाला होता.

"काल दिवेलागणीला तुम्ही कुठे होता?" साहेबांनी विचारलं.

"मढहून येत होते, स्कूटीवर. एकटीच."

"वाटेत कुणी पाहिलं?"

"वेशीच्या अलीकडे एक पांढरी जीप भेटली. आत फेटे बांधलेली माणसं होती. गाडी वळवून माघारी निघाली होती. त्यांनी मला पाहिलंय."

साहेबांनी गर्दीकडे मान वळवली. "कुणाचे पाहुणे होते?"

सरपंच दादाभाऊ आपल्या चपलेचा अंगठा बघत राहिले. वयस्कर धर्माजींनी तंबाखूची चिमूट मळायला घेतली ती मळतच राहिले. करपटवाडीत कुणाकडे पाव्हणा येणार असेल तर चहात साखर किती पडणार इथपर्यंत गावाला ठाऊक असतं. आणि जीपभर फेटेवाले कुणाचेच नव्हते.

"गावात आल्यावर तुम्हाला कळलंच असेल. मग खोटं आहे म्हणून लगेच का नाही सांगितलं?"

"दारं बंद होती. नवरा म्हणाला, तूच तर सांगितलंस. मला वाटलं, त्याची ऐकण्यात चूक झाली, सरपंचांनी सांगितलं असेल. बिबट्या खरा असला आणि मी उलट सांगितलं तर कुणाचा तरी जीव जायचा."

साहेब माणूस वाईट नव्हता. पण कागद कुणाचं तोंड बघत नाही. खोटी अफवा पसरवून लोकांत घबराट केल्याचा गुन्हा, त्यात एक माणूस जबर जखमी. आवाज तपासायला प्रयोगशाळेत जाणार, तिथला अहवाल यायला महिने लागणार. प्रांतसाहेबांची नोटीस त्याआधीच आली: सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर पद जाईल.

"पिंटूकडं बघा की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "त्यो मेलेल्या मान्सांला बोलाया लावतो मोबाइलवर!"

सुमतीबाईंचा पिंटू तेवढ्यात मागच्या दारानं पसार होत होता.

३

पिंटूला उज्ज्वलानं गिरणीच्या आडोशाला गाठलं. दुकानाच्या कोपऱ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं टेबल होतं. पण अलीकडे त्याची खरी कमाई वेगळीच होती. आवाजाचा छोटासा तुकडा दिला की तो मोबाइलवर त्याच आवाजात हवं ते बोलवून द्यायचा. वारलेले आजोबा नातवाच्या लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण द्यायचे, स्वर्गातली आई वाढदिवसाचा आशीर्वाद द्यायची. लोक रडायचे आणि खुशीनं पैसे द्यायचे.

"ताई, देवाशपथ, म्या न्हाई केलं," पिंटूला घाम फुटला होता. "आता ह्ये कुनालाबी येतं. फुकटचं ॲप हाय. लोकांला दावून दावून मीच माझा धंदा बुडिवला."

"दिवेलागणीला कुठं होतास?"

"दादाभाऊंच्या घरी. त्यांचा मोबाइल द्यायला गेल्तो."

उज्ज्वला तडक सरपंचांकडे गेली. दादाभाऊंचं आणि तिचं बरं नव्हतं. त्यांच्या वाळूच्या ट्रॅक्टरची खबर तिनंच वर कळवली होती.

"मी? घरी व्हतो की. एकलाच," दादाभाऊ म्हणाले.

"पिंटू म्हणतो, तो तुमच्याकडे होता. एकटे कसे मग? भाऊ, माझी पाटीलकी चाललीय. उद्या साहेब हेच विचारतील, तेव्हा चारचौघांत विचारतील."

दादाभाऊंनी आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. मोबाइल काढला, बटण दाबलं. खाकरत, खोकत एक म्हातारा बोलायला लागला: "आरं गाववाल्यांनु, मी वरनं बघतोय. माझ्या लेकाला पुन्यांदा निवडून द्या."

दादाभाऊंचे वडील वारून दहा-बारा वर्षं झाली होती. उज्ज्वलाला इतक्या संकटातही हसू दाबावं लागलं. "हे भोंग्यावरनं लावणार होता?"

"प्रचारात लावनार व्हतो. कुनाला बोलू नगा, पाटीलबाई. तासभर पिंटू हितंच व्हता. बाबांचा खोकला जमंना."

म्हणजे दोघंही सुटले, आणि त्यांच्यावर उज्ज्वलाची जी काय आशा होती तीही सुटली. ती सुमतीबाईंच्या दुकानात येऊन पायरीवर बसली. सुमतीबाईंचे सासरे राजस्थानातून आले होते, पण सुमतीबाई बोलायला लागल्या की मढच्याच वाटायच्या.

"बाई, पेटी तुमच्या दारात. तुम्हाला कुणी दिसलं नाही?"

"मी जेवायला आत गेले व्हते. आमी जैन, सूर्य मावळायच्या आत जेवून घेतो, सगळ्या गावाला ठाऊक हाय. चोराला तर आधी ठाऊक असनार."

"आत जायच्या आधी कोण कोण होतं?"

सुमतीबाईंनी आठवून सांगितलं. धर्माजी तंबाखू घेऊन गेले. मग त्यांची बायको झुंबरबाई आणि सून रत्ना सामानाला आल्या. झुंबरबाई दळणासाठी शेजारच्या गिरणीत गेली, रत्ना पिशवीत सामान भरत होती.

"काय सामान?"

"नारळ, सुपाऱ्या, हळकुंडं. टॉवेल-टोप्या पाच. झुंबरबाई म्हनल्या, घरात सत्यनारायन हाय."

उज्ज्वला उठली. तिच्या डोक्यात काहीतरी टोचलं होतं, पण काय ते हाताला लागेना. तेवढ्यात जुन्नरच्या दवाखान्यातून सावळेरामचा फोन आला. हौशीराम शुद्धीवर आला होता, आणि शुद्धीवर आल्या आल्या त्यानं उज्ज्वलाला शिव्या घातल्या होत्या.

४

हौशीरामच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. पाय वजन लावून टांगलेला, तोंड मात्र धडधाकट. उज्ज्वला खाटेजवळ गेली तशी त्यानं मान फिरवली.

"बाबा, शिव्या मागाहून द्या. आधी सांगा, तुम्ही ओढ्यात कशाला उतरला?"

"मंग कुठनं जानार व्हतो? म्या खळ्यावर भात झोडत व्हतो. भोंगा बोलला, हिरीवरच्या मळ्यात बिबट्या. माझी नेहमीची वाट सखूबाईच्या हिरीवरनं. म्हनलं तिकडं वाघ, तर आपुन ओढ्यानं जावं. अंधारात पाय सटाकला." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "सखूबाईचा म्हना, दादाभाऊचा म्हना. गावात हिरी का एक हाय? येवढं सरकारनं बोलाया ठिवलं तुला, नीट नाव घ्यायला काय झालं व्हतं?"

उज्ज्वला बाहेर आली, स्कूटीला किल्ली लावली आणि तशीच उभी राहिली.

नीट नाव घ्यायला काय झालं होतं?

करपटवाडीत प्रत्येक मळा मालकाच्या नावानं ओळखला जातो. सखूबाईचा मळा, दादाभाऊचं वावर, धर्माजीचा मळा. नुसतं 'विहिरीवरचा मळा' असं कुणी म्हणतच नाही, कारण म्हटलं तर हौशीरामसारखी गत व्हायची. उज्ज्वलानं गावी आल्यावर चौघांना विचारलं आणि चौघांनी चार वेगळे मळे सांगितले. मग ज्यानं हे बोलणं मोबाइलमध्ये लिहिलं, त्याला तेवढं बोलून पुरेसं का वाटलं? कारण ते माणूस रोज तसंच बोलतं. रोज, घरात, आणि घरातल्यांना ते बरोबर कळतं. त्या माणसाला मालकाचं नाव घेता येत नाही, म्हणून त्यानं मळ्याला दुसरं नाव ठेवलंय आणि आता ते नाव त्याच्या जिभेला खरंच वाटायला लागलंय.

नाव कुणाला घेता येत नाही? बायकोला नवऱ्याचं. सुनेला सासऱ्याचं.

म्हणजे बाईमाणूस. उज्ज्वलाला ती जीप आठवली, सामान आठवलं, आणि मघाशी डोक्यात टोचलेलं काय होतं तेही कळलं. सत्यनारायणाला पाच टॉवेल-टोप्या कोण नेतं? टॉवेल-टोपी पाव्हण्यांना देतात, सोयरीक जुळली की. फेटेवाले पाव्हणे धर्माजीकडे निघाले होते आणि धर्माजींनी ते लपवलं. करपटवाडीत सोयरीक कुणी लपवत नाही, मांडव घालून मिरवतात. धर्माजीच्या घरात लग्नाची म्हणावी अशी एकच पोरगी होती. रत्नाची कावेरी. ती मढच्या शाळेत दहावीला होती.

उरल्या दोघी, झुंबरबाई आणि रत्ना. झुंबरबाई बिबट्याला कधी बिबट्या म्हणायची नाही, वाघच म्हणायची, आणि मळ्याला म्हणायची 'आमच्या ह्यांचा मळा'. शिवाय पाव्हणे यावेत म्हणून तीच तर नारळ घेऊन आली होती.

गिरणी चालू होती. सुमतीबाई जेवत होत्या. पडवीत रत्ना एकटी होती.

चोर सापडल्याचा आनंद उज्ज्वलाला क्षणभरही झाला नाही.

५

रत्नाशी एकटीशी बोलायचं म्हणजे वाघाच्या तोंडातलं हाड काढण्यापैकी होतं. नवरा वारल्यापासून ती सासऱ्याच्या घरात होती आणि झुंबरबाई तिच्या सावलीलाही एकटी सोडत नसे. पाण्याला दोघी, दुकानाला दोघी, दवाखान्याला दोघी. उज्ज्वला त्या घरी कितीदा गेली असेल. ओसरीवर धर्माजी बसायचे, चहा आतून यायचा, चहा आणणारा हात दिसायचा आणि आत जायचा.

शनिवारी सकाळी उज्ज्वला धर्माजींच्या ओसरीवर उभी राहिली. "बाबा, तुमचा मळा बघायचाय. ठसे शोधायचेत. रत्नाला दाखवायला पाठवा."

"ती एकली कशाला? म्हातारी जाईल संगं," धर्माजी म्हणाले. ते अपेक्षितच होतं.

मळ्यात विहिरीच्या कडेला कुत्र्याचा एक ठसा मिळाला. उज्ज्वला झटकन खाली बसली. "झुंबरमावशी, टोपली आणा! हलू नका इथून. ठशावर टोपली घालून राखण करा. साहेबांना दाखवायचाय. वाऱ्यानं पुसला तर जबाबदारी तुमची."

सरकारी कामात आपली गरज पडली हे पाहून झुंबरबाई फुलून गेली. पदर खोचून ती टोपलीजवळ अशी बसली, की खरा बिबट्या आला असता तरी उठली नसती. उज्ज्वला रत्नाला घेऊन मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली.

"कावेरीची सुपारी कधी फोडणार आहेत?" तिनं विचारलं.

रत्नानं हातातल्या विळ्याची मूठ घट्ट धरली.

"माझ्या आवाजात तूच बोललीस ना?"

रत्ना बोलायला लागली ती थांबेना. "उद्या हाय. उद्या पाव्हनं पुन्यांदा येनार. सुपारीतच लगीन उरकायचं म्हनत्यात. पोरगी शाळंला जाती, वाटंला वाघ, ती सुस्थळी पडली म्हंजी आमी सुटलो, आसं सासरं म्हनत्यात. त्यांला वाटतंय ते चांगलंच करत्यात. सोळावं आत्ता तर सरलं तिचं, ताई. माझं बी असंच झालं व्हतं. मला ठाऊक हाय पुढं काय असतं ते."

"मला सांगायचं होतंस."

"कधी? कसं? कावेरीच्या मोबाइलवरनं कुनाला फोन गेला ते सासरं रोज बघत्यात. पोलिसांला फोन केला असता तर ते अंगनात येऊन विचारून गेलं असतं, आन मी हितंच ऱ्हायली असते." रत्नानं डोळे पुसले. "पिंटूनं कावेरीला तिच्या बापाच्या आवाजात वाढदिवसाचं करून दिल्तं. कसं करायचं त्ये बी दावलं. तुमी भोंग्यावर लशीचं बोलला व्हता, ते मोबाइलवर घेतलं व्हतं. पेटी उघडून मोबाइल फोनला लावला. माझ्या आवाजात सांगितलं असतं तर कोन थांबलं असतं? तुमचं सगळी ऐकत्यात. येक दिस टळला तर काय तरी सुचंल म्हनलं. हौशीरामबाबा पडत्याल असं माज्या सपनात बी नव्हतं. कावेरीचा बाप गेला तवा त्यांनीच आमाला भात पोचवला व्हता." आणि ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

उज्ज्वलाला तिचा राग यायला हवा होता. तिच्यापायी घरात चूल थंड होती, सावळेराम धड जेवत नव्हता, गावातली पोरं तिच्या मागे भोंग्याचा आवाज काढत होती. पण राग येईना. तिला फक्त त्या मळ्याचे चारही बांध अंगावर आल्यासारखे वाटले.

"रत्ना, ऐक. बालविवाह कळला की वर कळवायचा, हे माझं काम आहे. पण आज मी कळवलं तर काय होईल? दादाभाऊ म्हणतील, स्वतःला वाचवायला दुसऱ्यावर किटाळ आणतेय. खोटं बोलणारी म्हणून माझ्यावरच गुन्हा आहे. माझं कोण ऐकणार? तुझ्या पोरीचं लग्न थांबवू शकेल असं गावात एकच माणूस होतं, आणि त्याचाच आवाज तू चोरलास."

हे रत्नाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी गप्प बसले तर सोमवारी माझं पद जाईल आणि उद्या कावेरीचं लग्न होईल. तू खरं सांगितलंस तर गुन्हा तुझ्यावर येईल, पण माझ्या शब्दाला पुन्हा वजन येईल. तिसरी वाट मला तरी दिसत नाही. तुला ओढत नेणार नाही मी. तू ठरव."

"मला आत घातलं तर पोर कुनाकडं?"

"माझ्याकडं."

"रत्नेऽ," टोपलीजवळून झुंबरबाईची हाक आली. "किती येळ गं?"

रत्नानं विळा बांधावर ठेवला. कमरेला खोचलेला कावेरीचा मोबाइल काढून उज्ज्वलाच्या हातात दिला. "ह्याच्यात हाय ते बोलनं. पुसलं न्हाई म्या. पन ठान्यात जायच्या आदी मला जुन्नरला न्या."

मळ्याच्या मागून रस्त्याला उतरायला पायवाट होती, आणि स्कूटी खाली रस्त्यावरच लावलेली होती. झुंबरबाई टोपली सोडून उठू शकत नव्हती. ती दोघींना स्कूटीवर बसताना बघत राहिली आणि ओरडत राहिली.

६

दवाखान्यात रत्ना हौशीरामच्या खाटेशी उभी राहिली आणि काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. पुढं बोलायला शब्द उरले नाहीत तेव्हा तिनं त्याच्या पायाशी डोकं टेकलं. उज्ज्वला दारातच थांबली होती.

रात्रभर ओढ्यात मारलेल्या हाका म्हातारा विसरला असेल असं कुणी समजू नये. तो खाकरला.

"पोरी, आदी बोलली असतीस तर पडायचं नुसतं सोंग केलं असतं म्या," तो म्हणाला. "गाव तसंच थांबलं असतं, आन हाड तरी वाचलं असतं."

रत्ना हुंदके देत हसली, की हसत रडली, ते तिचं तिलाच कळलं नसेल. म्हाताऱ्यानं तिला जा म्हणून हात हलवला आणि तोंड फिरवून घेतलं. त्याचं दुखणं काही हलकं झालं नव्हतं.

दुपारी दोघी ठाण्यात पोचल्या. उज्ज्वलानं मोबाइल टेबलावर ठेवला आणि जे जसं उमगलं तसं साहेबांना सांगितलं: मळ्याचं न घेतलेलं नाव, जीप, टॉवेल-टोप्या. साहेबांनी मोबाइलमधला उज्ज्वलाचा आवाज ऐकला, पुन्हा ऐकला, आणि खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच तुम्ही सुटलात," ते उज्ज्वलाला म्हणाले. मग रत्नाकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण शब्द तेच होते. "बाई, तुमचं कारण मला समजतं. पण खोटी सूचना दिलीत, एक माणूस कायमचा अधू झाला असता. गुन्हा दाखल करावाच लागेल. तुमच्यासाठी वेगळा कायदा नाही माझ्याकडे."

"व्हय," रत्ना म्हणाली.

"कोर्टात जावं लागेल. सासरची माणसं घरात घेणार नाहीत कदाचित. कळतंय ना?"

"व्हय."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "नाव सांगा. मंगळवारी काय झालं तिथून सुरू करू."

रत्नानं टेबलावरच्या कागदावर तळहात ठेवला. साहेबांच्या कागदावर असा हात ठेवायची हिंमत त्या ठाण्यात कधी कुणी केली नसेल.

"मंगळवारचं मागाहून लिवा, साहेब," ती म्हणाली. "ते माझं हाय, मी कुटं पळून जात न्हाई. आदी उद्याचं लिवा. माझी पोरगी अजून घरात हाय."

साहेबांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. उज्ज्वला म्हणाली, "करपटवाडीची पोलीस पाटील म्हणून मीही तेच कळवतेय, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि गाडी काढायला सांगितलं.